नऊ फुटी

दुकानाचं छत आठ फुटांवर,
म्हणून आर्विड माकी नऊ फुटी रॉड
फडताळामागे आडवे निजवतो
आणि कोणी विचारल्याशिवाय काढत नाही.

लव्हॉनने विचारलं.

मेचा पहिला आठवडा, विस्कॉन्सिनचं उत्तर टोक.
तळ्यावरचं बर्फ परवा फुटलं,
मस्कीचा हंगाम उघडायला अजून तीन आठवडे.
ती शाळेची बस चालवते.
एकतीस वर्षं दार उघडण्याच्या दांड्याने
तिचा उजवा खांदा थोडा थोडा खाल्लाय.

आर्विड किंमत सांगत नाही. विचारतो,
फेकणार काय आहेस?

ती जाकिटाच्या खिशातून पुरचुंडी सोडते:
हरणाच्या शेपटीचे काळे केस, वीतभर लांब,
डोक्याशी दोन पितळी पात्या, बिस्किटाएवढ्या.
हे ओढायला लागलं की पात्या पाण्याला अशा भिडतात,
वाटतं दुसऱ्या टोकाला कोणी हट्टी रेडकू बांधलंय.
आणि असं दिवसातून तीनशे वेळा,
तेही मासा न लागता.

पहिला रॉड हलवून तो स्वतःच परत ठेवतो:
फार ताठ. मासा तोंड मिटायच्या आत
घास त्याच्या तोंडून हिसकशील.
दुसरा: हा पात्यांच्या ओढीनेच कमान होतो,
मग गळ रुतवायला उरलं काय?

मग फडताळामागचा.
मूठ लांब, थेट काखेत जाऊन बसणारी.
तो बकटेल बांधतो, गळांवर चिकटपट्टी गुंडाळतो,
म्हणतो, धरून उभी राहा. मी आलोच.
आणि जातो दोन पोरांना मिन्नो मोजून द्यायला,
एकेक, जाळीने, सावकाश,
पोरगं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

दुकानात प्रत्येक रॉड मिनिटभर हलकाच असतो.

ती उभी.
मागच्या सप्टेंबरची संध्याकाळ आठवत उभी.
जुना साडेसहा फुटी रॉड, होडीचा काठ,
आणि बकटेलच्या मागे आलेली ती मादी,
ओंडक्यासारखी, घाई नसलेली.
अशा वेळी आमिष बाहेर काढायचं नसतं,
रॉडचं टोक पाण्यात खुपसून आठ काढायचा असतो:
इंग्रजी आठ, दोन्ही पोटं बंद, रुंद वळणांचा.
आखूड रॉडने तिच्याकडून निघाला
आपला मराठी ८,
एका बाजूने उघडा,
आणि त्या उघड्या बाजूने मासा निघून गेला,
शेपटीही न आपटता.

बारा मिनिटांनी आर्विड येतो.
खांदा?
आहे, ती म्हणते.

छताखाली फेकता येत नाही, म्हणून दोघं बाहेर.
ओल्या खडीचं अंगण, त्याचा गंजका पिकअप.
ती दोन्ही हातांनी, कमरेतून, फेकते.
बकटेल पिकअपवरून जाऊन
टपालपेटीच्या खांबापाशी खण्णकन पडतं.
आतून कुत्रं भुंकतं.
ती गुंडाळत आणते, पात्या खडीवर किणकिणत येतात
अगदी बुटांपर्यंत,
आणि मग, कोणी सांगितलेलं नसताना,
ती टोक खाली करते
आणि जमिनीवर वळवते, एकदा, पुन्हा एकदा,
दुसऱ्या खेपेला जास्त मोठं.

खडीत राहिलेल्या रेघेकडे आर्विड बराच वेळ बघतो.
मग किंमत सांगतो.
तिचा चेहरा उतरतो, पाकीट मात्र निघतं.

घरच्या मोटारीत तो मावला नसता.
पण आज ती पिवळी बस घेऊन आलीय,
दोन वाजून चाळीस, शाळा सुटायला अर्धा तास.
मधल्या वाटेत तो आडवा पडतो,
चौथ्या बाकापासून थेट मागच्या दारापर्यंत.

तीन दहाला पोरं चढतात.
पाय उचला, ती आरशातून म्हणते.
पहिलीतली एक मुलगी
उंबरठा ओलांडावा तशी
तो ओलांडते,
मग परत येऊन आणखी एकदा.